कंबर सिस्टरची, उंची टेबलाची

आमच्या लेबर रूममध्ये "कंबर कुणाची दुखत नाही?" असं विचारलं तर यंदा जॉइन झालेल्या पोरी तेवढ्या हात वर करतील, बाकीच्या एकमेकींकडे बघून हसतील. आणि त्या पोरींचा हातही फार तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत वर राहणार हे सगळ्यांना माहितीये. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचा उजवा अंगठा, सिनियर असेल तर गुडघे. मी मुंबईच्या उपनगरातल्या एका सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, सर्व्हिसचा बराचसा काळ लेबर रूममध्येच गेलाय, आमच्याकडे नॉर्मल डिलिव्हरी आणि साधे टाके सिस्टरच बघतात. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण मैत्रिणी जिथं जिथं आहेत तिथं सगळीकडे हेच ऐकते.

यावर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण कंबर दुखते म्हटलं की समोरून काय येणार ते ठरलेलं आहे. वजन कमी करा सिस्टर, चालायला जा, कॅल्शियम घ्या, व्हिटॅमिन डी चेक केलं का, वय झालं आता. ऑर्थोच्या ओपीडीत हेच, घरी हेच, आणि खरं सांगायचं तर आम्ही एकमेकींनाही हेच सांगतो. म्हणजे दुखणं माझं, त्याचं कारण पण मीच, आणि उपाय पण मीच करायचा, तोसुद्धा ड्यूटी संपल्यावर, लोकलमधून उतरून, भाजी घेऊन, पोळ्या झाल्यावर. टेबलाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

टेबल म्हणजे लेबर टेबल. नवीन घरात ओटा बांधताना आपण गवंड्याला सांगतो ना, माझी उंची एवढी आहे, ओटा इतका ठेव, सासूबाईंच्या मापाचा नको. दिवसातले दोन-तीन तास उभं राहायचं तिथं आपण एवढा विचार करतो. लेबर टेबलाची उंची मात्र बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलेली, ती बदलायला खाली हँडल असतं, आणि ते हँडल एक तर जाम असतं नाहीतर जागेवर नसतंच. मी पाच फूट, आमच्यातली एक सिस्टर पाच फूट सात इंच, दोघींना तेच टेबल. ती कमरेतून मोडते आणि मी बाळंतिणीला वर घेताना टाचा उंचावते. यात व्यायामाचा काय संबंध?

आता एपिसिओटॉमीचे, म्हणजे बाळाची वाट मोठी करायला दिलेल्या छेदाचे टाके घ्या, आम्ही नुसतं एपी म्हणतो. बाई लिथोटॉमीत आहे, पाय पट्ट्यांमध्ये अडकवलेले, टेबलाचा खालचा भाग काढलेला आणि मी समोर. उभी राहिले तर टेबल ठेंगणं पडतं म्हणून वाकायचं, स्टुलावर बसले तर स्टूल बुटकं म्हणून हात वर धरून शिवायचं. त्यात स्टराइल ग्लोव्ह्ज घातलेले, म्हणजे कुठं टेकायचं नाही, कमरेला हात लावायचा नाही, चष्मा घसरला तरी मावशींना हाक मारायची. साधी एपी असली तर पंधरा-वीस मिनिटं, जास्त फाटलेलं असलं आणि डॉक्टर दुसऱ्या सिझरमध्ये अडकले असले तर ते येईपर्यंत गॉज दाबून तसंच अवघडून उभं राहायचं. वजन किती उचललं म्हणाल तर सुई धरायचं नीडल होल्डर. कुणाला वाटेल यात कंबर दुखण्यासारखं काय आहे? पण स्नायू एकाच जागी ताणलेला राहिला की त्याच्यातलं रक्त नीट फिरत नाही आणि तो हलणाऱ्या स्नायूपेक्षा लवकर थकतो, हे शरीरशास्त्राच्या पुस्तकात आम्हीच शिकलोय, फक्त स्वतःला लावून बघितलं नाही.

आणि मणक्याचं म्हणाल तर जर्मनीतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये एका निरोगी माणसाच्या कमरेतल्या मणक्यांमधल्या चकतीत चक्क सेन्सर बसवून दाब मोजला होता. सरळ उभं असताना जेवढा दाब, त्याच्या दुपटीहून थोडा जास्त नुसतं पुढं वाकल्यावर, हातात काही नसताना. पाठ गोल करून २० किलो उचलले तर चौपटीच्याही वर.

हे मला कळलं ते आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडममुळे. लहानच आहे, मला सिस्टर सिस्टर करत असते. मी मानेला शेक घ्यायला गेले होते तर म्हणाली, "सिस्टर, शेक मी देते हो, पण तुम्ही उद्या परत तेच करणार ना? मला एकदा तुम्ही काम कसं करता ते बघू द्या." मग एका शांत दुपारी, रिकाम्या टेबलावर स्किल लॅबमधली डमी ठेवून (पेशंटचा फोटो काढायचा प्रश्नच नाही) तिनं मला टाके घालायला लावले आणि बाजूनं मोबाइलवर फोटो काढले. रेबा नावाची एक पद्धत आहे, सू हिग्नेट आणि लिन मॅकअ‍ॅटॅम्नी या दोघींनी २००० साली मांडलेली, हॉस्पिटलसारख्या कामांसाठी चांगली, जिथं माणूस मिनिटामिनिटाला वेगळ्या पोझिशनमध्ये असतो. पाठ किती वाकलीये, मान किती, गुडघे, खांदा, कोपर, मनगट, सगळ्याला मार्क द्यायचे आणि तक्त्यावरून एक आकडा काढायचा. १ आला तर काळजी नाही, ८ ते १० म्हणजे धोका जास्त, लवकर काहीतरी बदला, ११ ते १५ म्हणजे आत्ताच्या आत्ता बदला. माझी पाठ वाकलेली आणि वर पीळ पडलेला, मान खाली आणि एका बाजूला, गुडघे किंचित दुमडलेले, मनगट वळलेलं, आणि हे सगळं एक मिनिटापेक्षा जास्त वेळ न हलता, त्याचा एक मार्क वेगळा. आकडा आला १०. मी म्हटलं चला, दहावीत कधी दहापैकी दहा पडले नाहीत, इथं तरी पडले. ती म्हणाली सिस्टर हे पंधरापैकी आहेत.

त्या फोटोत मला सगळ्यात जास्त काय खटकलं तर मान. एवढी खाली का घातलीये? मग लक्षात आलं की लाइट. फोकस लाइटची मान ढिली झालेली, तो हळूहळू खाली झुकतो आणि उजेड पडतो माझ्या खांद्यावर, म्हणून मी उजेडाच्या मागे मागे जाते. चाळिशी लागल्यावर तर आणखीनच. म्हणजे माझ्या मानेवरचा अर्धा उपाय इलेक्ट्रिशियनच्या हातात होता आणि मी उशी बदलत बसले होते! तुमच्याकडे कुणाची मान दुखत असेल तर गळ्यात कॉलर घालायच्या आधी तेवढा लाइट बघा.

मॅडमनं आणखी एक कागद दिला सगळ्यांना, त्यावर माणसाचं पाठमोरं चित्र आणि शरीराचे नऊ भाग, मानेपासून घोट्यापर्यंत. नॉर्डिक क्वेश्चनेअर म्हणतात त्याला, १९८७ पासून वापरतात. गेल्या बारा महिन्यांत इथं दुखलं का, गेल्या सात दिवसांत दुखलं का, आणि दुखण्यामुळे नेहमीचं काम करता आलं नाही असं झालं का. पहिल्या दोन रकान्यांत सगळ्यांनी खुणाच खुणा केल्या, आणि तिसरा बहुतेक रिकामा. ती चक्रावली. म्हणाली इतकं दुखतंय तर काम थांबलं कसं नाही? अगं बाई, थांबवणार कोण? माझ्या रजेवर माझं काम जाणार कुणाकडे, तर शेजारच्या टेबलावरच्या सिस्टरकडे, जिची कंबर माझ्याहून वाईट आहे. म्हणून डायक्लो, म्हणजे दुखण्यावरची गोळी घ्यायची आणि यायचं. कधी कधी तर चेंजिंग रूममध्येच एकीनं दुसरीला इंजेक्शन द्यायचं. ऑफिसमध्ये रजेचं रजिस्टर बघून वाटत असेल की लेबर रूमच्या स्टाफची तब्येत ठणठणीत आहे.

उचलाउचलीकडे येते. सिझर झालेली बाई ट्रॉलीवरून बेडवर घ्यायची, स्पायनलच्या भुलीमुळे कमरेखाली जीव नाही, वॉर्डबॉय एक्स-रेला गेलेला, मग मी, आयाबाई आणि बाईचा नवरा, चादरीची टोकं धरून एक-दोन-तीन. अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेच्या सूत्रात दोन हातांनी उचलायचं वजन सगळं आदर्श असताना २३ किलो धरलंय, म्हणजे खोकं, जवळ धरलेलं, पकडायला सोपं. पण पेशंट म्हणजे काही खोकं नाही, ती घाबरून मधेच गळ्यात हात टाकते, म्हणून त्याच संस्थेच्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये पेशंटसाठी मर्यादा सांगितली ती ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो. त्याच्या वर गेलं की साधन वापरा. आता हिशोब करा, माणसाचा एक पूर्ण पाय म्हणजे अंगाच्या वजनाचा साधारण सहावा भाग. साठ-पासष्ट किलोची बाई असली तर एकेक पाय दहा-अकरा किलो, म्हणजे एका पायातच त्या मर्यादेचा मोठा भाग संपला. बाळाचा खांदा अडकला की मॅकरॉबर्ट्स नावाच्या युक्तीसाठी दोघींनी एकेक पाय धरून पोटाकडे दाबायचा असतो, तेव्हा कोण पोश्चर बघतंय! तिथं बाळ निळं पडत असतं. ते मी कधीच टाळायला सांगणार नाही. पण अशी वेळ येते तेव्हा कंबरेत शिल्लक असावं एवढंच म्हणणं आहे, रोजच्या फालतू वाकण्यात ते संपून जायला नको.

पोटावर वरून दाब देणं हा मात्र दोघींच्या नुकसानीचा प्रकार. जुन्या काळी सर्रास चालायचं, स्टुलावर चढून दोन्ही हातांनी ढकलायचं, डब्ल्यूएचओनं २०१८ च्या गाइडलाइनमध्ये सरळ सांगितलं की हे करू नका. बाईला तर अपाय होऊ शकतोच, पण तेव्हा ढकलणाऱ्या आमच्या सिनियर सिस्टरांची मनगटं नि खांदे आज बघा.

फालतू वाकणं म्हणजे काय ते सांगते. कळा जोरात सुरू झाल्या की बाळाचे ठोके दर पंधरा ते तीस मिनिटांनी ऐकायचे, जोर लावायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. पूर्वी फीटोस्कोपनं, म्हणजे पोटावर टेकवायच्या नळीनं ऐकायचे, म्हणजे दर वेळी कान पोटापर्यंत न्यायचा, आणि एका वेळी पाच-सहा बायका कळा देतायत म्हटल्यावर नमाज पढल्यासारखं चालायचं... नाही, नमाजात निदान पाठीला आराम तरी मिळतो. ठोके मोठ्यानं ऐकवणारा हातातला डॉपलर आला आणि हे वाकणं निम्म्याहून कमी झालं. कुणीही तो सिस्टरच्या कंबरेसाठी घेतला नव्हता, पण फायदा झाला. फक्त सेल संपले की परत कपाटातून फीटोस्कोप निघतो, तेव्हा सेलचा इंडेंट वेळेवर टाकत जा गं पोरींनो.

बाळंतिणींच्या वॉर्डात तर कुणाचं लक्षच जात नाही, तिथं आरामाची ड्यूटी समजतात. पहिलटकरणीला बाळ छातीला लावायला शिकवणं म्हणजे बुटक्या खाटेवर वाकून, एका हातानं बाळाचं डोकं, दुसऱ्या हातानं तिचा स्तन, आणि बाळ झोपेत. एक झाली की दुसरी. मी आता सरळ तिच्या शेजारी खाटेच्या कडेला बसते. इन्फेक्शन कंट्रोलवाल्या मॅडम ओरडतात, त्यांचं चूक नाहीये, पण मग खुर्ची द्या ना.

अंगठ्याचं दुखणं वेगळं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, मूठ करून अंगठा आत दाबून मनगट करंगळीकडे झुकवलं की जीव जातो, तो डी क्वेर्व्हन. बीपीचा फुगा दाबणं, अ‍ॅम्प्यूल फोडणं, टाके, रक्तस्राव होऊ नये म्हणून गर्भाशय चोळणं, सगळं त्याच अंगठ्यावर. डॉक्टर स्प्लिंट देतात, तीन आठवडे काढायची नाही. आता मला सांगा, लेबर रूममध्ये कोपरापर्यंत हात धुवायचे असतात, घड्याळ नाही, बांगडी नाही, तिथं स्प्लिंट घालून डिलिव्हरी कशी करायची? मग ती घरी घालायची, ड्यूटीवर काढायची, म्हणजे जेव्हा गरज तेव्हाच नाही. कंबरेच्या पट्ट्याचंही तेच, मे महिन्यात प्लॅस्टिकच्या एप्रनखाली घालून बघा, घामोळ्यांनी आधी मराल.

मधे एकदा ट्रेनिंग झालं, वजन कसं उचलावं. गुडघ्यात वाका, पाठ सरळ, वस्तू जवळ धरा. छान होतं, चहा-समोसा पण होता. पण कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०११ मध्ये उचलण्याच्या ट्रेनिंगवरचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर नुसत्या ट्रेनिंगनं किंवा सल्ल्यानं कंबरदुखी टळत नाही असंच दिसलं. मला आश्चर्य वाटलं नाही. टेबल आणि भिंतीत दीड फूट जागा, तिथं आयव्ही स्टँड, तिथं गुडघ्यात वाकून दाखवा मला. पाठ कशी ठेवायची हे जागा ठरवते.

लाइट ड्यूटीबद्दल बोललं की भांडणं होतात, तरी बोलते. दुखणं खूप वाढलं, एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसली की लाइट ड्यूटी मिळते, म्हणजे लसीकरण किंवा ओपीडी. कागदावर लाइट. लसीकरणाच्या दिवशी रांग गेटपर्यंत असते आणि उभं राहूनच टोचायचं. शिवाय लेबर रूममध्ये तुमच्या जागी कुणी येत नाही, मग मागे राहिलेल्या सिस्टर तुमच्याशी नीट बोलत नाहीत. दोन्ही बाजू मी भोगल्यात आणि दोन्हींकडून बोलणाऱ्या बरोबर आहेत. प्रेग्नंट सिस्टरचं तर विचारूच नका. मातृत्व लाभाच्या कायद्यात लिहिलंय की बाळंतपणाआधी ठरावीक काळात बाईनं विनंती केली तर तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम देता येत नाही. तिनं विनंती केली तर! आठवा महिना लागलेली आमची पोरगी दुसरीची डिलिव्हरी करत होती, पेशंटच तिला म्हणाली "ताई तुम्ही बसा जरा".

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. बाईला हव्या त्या पोझिशनमध्ये बाळंत होऊ द्या, उकिडवी, कुशीवर, हातापायांवर, असं आता सांगतात, २०१८ मध्ये केंद्रानं मिडवाइफरीच्या गाइडलाइन काढल्या, दीड वर्षाचा नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स आला, सगळं मला पटतं, आडवं झोपवून पाय टांगण्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण बाई उकिडवी बसली की मी कुठं? फरशीवर, गुडघ्यांवर, मान वाकडी करून. गावाकडे सुइणी खाली बसूनच करायच्या म्हणा, बाईही खाली, सुईणही खाली, दोघी एका पातळीवर. पण तिच्याकडे महिन्यातून दोन-चार बाळंतपणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं आता दवाखान्यांत होतात, ती सगळी कुणाच्या तरी हातांवर येऊन पडलीत. तेव्हा नवीन युनिट काढताना बर्थिंग बॉल आणि भिंतीवर चित्रं घ्याच, सोबत सिस्टरसाठी एक ठेंगणं चाकाचं स्टूल आणि गुडघ्याखाली घ्यायला धुता येणारी मॅट पण घ्या, किती महाग असणारे?

घरचं आणि लोकलचं मी मुद्दाम कमी लिहितेय. नाइट करून उभ्यानं कल्याणपर्यंत जाणं, दादरचा जिना, नीट न झालेली झोप, ज्यानं दुखणं जास्त जाणवतं, हे सगळं आहेच. पण ते सांगितलं की लगेच ऐकणारा म्हणतो बघा, घरच्या कामामुळे आणि ट्रेनमुळे होतंय, आणि टेबल सुटतं.

कामाचं एक सांगून ठेवते, कारण आपण नर्सेस स्वतःच्या बाबतीत फार ढिसाळ. कंबरेतून कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर दाखवाच. पण जांघेत-बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, किंवा पाऊल उचलता येईना, तर ड्यूटी संपायची वाट बघायची नाही, त्याच क्षणी कॅज्युअल्टी. आणि रोज डायक्लो घेणाऱ्यांनी किडनी आणि पोट आठवावं, ते आपणच पेशंटला सांगतो.

तर सध्याची परिस्थिती अशी. आम्ही वर्गणी काढून एक उंची कमीजास्त होणारं चाकांचं स्टूल घेतलं, इलेक्ट्रिशियनच्या मागे लागून लाइटची मान आवळून घेतली, आणि मॅडमनं त्याच डमीवर परत फोटो काढले. पाठ जवळजवळ सरळ, मान जरा खाली, कोपरं अंगाजवळ. १० चे ४ झाले. टेबल तेच, मी तीच, वजन तर उलट वाढलंय. आता अडचण अशी की हे स्टूल डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नाही, म्हणजे सरकारी हिशोबात ते अस्तित्वातच नाही, म्हणून इन्स्पेक्शनच्या दिवशी त्याला चेंजिंग रूममध्ये न्यावं लागतं. नवीन टेबलाची फाइल कंडेम कमिटीकडे, म्हणजे जुनं सामान बाद ठरवणाऱ्यांकडे आहे. जुनं कंडेम झाल्याशिवाय नवीन मंजूर होत नाही, आणि जुनं मोडलेलं नाही, त्यावर रोज डिलिव्हऱ्या होतायत, मग कंडेम कुठल्या कारणानं करू असा क्लार्कचा प्रश्न आहे, नियमानं बघितलं तर बरोबरच आहे त्याचं. "कारण" च्या रकान्यात आम्ही रेबाचा आकडा लिहिलाय आणि दोन्ही फोटो जोडलेत. त्यानं विचारलं हे रेबा म्हणजे कुठल्या डिपार्टमेंटचं, सोमवारी फिजिओच्या मॅडम जाऊन समजावणार आहेत.